सात वाटण्यांचा मळा

बाटलीवर लिहिलंय :
एकाच मळ्याची, मेन्सिया, सिल नदी, उजवा काठ.
'एकाच' वाचून ओब्दुलिया हसते,
पुढचे दोन दात नसलेलं हसू.

हा मळा कधी एक नव्हता.
तिच्या आज्यामागे सात वारस, सात वाटण्या,
बांधाच्या दगडांवर चुन्याचे ठिपके.
दोन ओळी एकाच्या, सव्वा ओळ दुसऱ्याची,
फेलिसिन्दाला अकरा वेली आणि एक चेस्टनट,
ज्याची सावली पडायची रेमिशिओच्या वेलींवर.
त्या सावलीपायी
एकोणीस वर्षं अबोला.

उतार असा, की उभा माणूसही
डोंगराला टेकलेलाच असतो.
ट्रॅक्टर इथे आला नाही,
खेचर अर्ध्यातून मागे फिरलं.
आणि जमीन म्हणजे फुटक्या पाट्या,
शाळेतल्यासारख्या, काळ्या, थर सुटणाऱ्या,
कुणी डोंगरभर पाढे लिहून
चुकले म्हणून रागाने आपटलेल्या.
वेलीचं मूळ त्या थरांत बोट घालत
वाचत वाचत खाली जातं.
ऐंशी वर्षांत किती वाचून झालं, कुणाला ठाऊक.

पूर्वी सगळं सोसायटीच्या टाकीत जायचं,
सपाटीचं, डोंगराचं, पलीकडच्या काठाचं,
एकच रंग, एकच भाव.
सोसायटीला कुलूप लागलं त्या सप्टेंबरात
नात साइन्था लुगोहून परतली, इस्पितळाची नोकरी सोडून.
दारोदार फिरली.
सहा घरं हो म्हणाली, सहाही म्हणाली,
'पण आमची द्राक्षं त्यांच्या पिंपात नकोत.'
पिंप एकच होतं तिच्याकडे,
हे तिने सांगितलं तोडणी झाल्यावर.

त्या फुटक्या पाट्यांवरून डोईवरच्या पाट्या खाली आल्या,
होडीत चढल्या.
होडी पाण्याला टेकेपर्यंत भरली, मग पाण्यातही थोडी.
अर्धे घड देठांसकट पिंपात.
वाइनला कणा हवा, साइन्था म्हणाली.
आणि तुडवायला सहा घरांचे पाय.
रेमिशिओ काठ धरून या टोकाला,
फेलिसिन्दा त्या टोकाला,
मधे गुडघाभर जांभळा चिखल.
लगद्यात दिशा कळत नाही.
दुपारी कधीतरी ती म्हणाली,
'माझ्या पायावर उभा आहेस.'
एकोणीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.
तो म्हणाला, 'सावलीत दिसलं नाही.'

तिसऱ्या रात्री पिंप बोलायला लागलं.
मेणबत्ती आत धरली की विझायची.
सालींची जाड साय वर यायची,
साइन्था ती दिवसातून दोनदा खाली दाबायची,
तापलेल्या माणसाला पांघरुणात दाबावं तशी.
मग जुनी लाकडी पिंपं, एक हिवाळा, दुसरा हिवाळा.
गाळलं काहीच नाही.
भांडणं गाळायची तर उरलं काय असतं?

रंग गडद नाही. पेल्याआडचं बोट दिसतं.
वास आधी ओल्या पाटीचा,
फडक्याने नुकतीच पुसलेली, अजून न सुकलेली,
मग आंबट चेरी, मिरीचा एक दाणा,
लांबून व्हायोलेटची फुलं.
घोट गोड बोलत नाही.
जिभेला तुरट चिमटा काढतो
आणि गिळल्यावर
बराच वेळ दारात रेंगाळतो,
निरोप घेऊनही न जाणाऱ्या पाहुण्यासारखा.

आणि सगळ्यात शेवटी एक आंबट धार,
जी मेन्सियाची नाही.

सातवा वाटेकरी एलादिओ.
सत्तावन साली बोटीने काराकासला गेला.
कागद नाही, पत्ता नाही.
काटेरी झुडपांत त्याच्या नऊ वेली.
त्याही तोडल्या होत्या त्या वर्षी, कुणाला न विचारता.
घड पांढरे, जात कुणालाच माहीत नाही.
विद्यापीठातला माणूस पानं घेऊन गेलाय,
अजून कळवलेलं नाही.
हिशेबाच्या वहीत साइन्था दरसाल लिहिते :
एलादिओ, नऊ वेली, देणे बाकी.
तळघरात एका फळीवर
त्याच्या नावच्या चौदा बाटल्या.

ओब्दुलिया पावाचा तुकडा बुडवते,
तोंडात धरून ठेवते,
डोळे मिटते, चेहरा वाकडा करते.

'हे,' ती म्हणते, 'हे शेवटचं.
असाच होता तो.'